बाटल्यांवरचे नंबर

आमच्या न्हाणीच्या दगडाशेजारी एक घमेलं कायम ठेवलेलं असायचं आणि त्यात औषधाच्या बाटल्या भिजत पडलेल्या असायच्या. औषध म्हणजे द्राक्षबागेवर फवारायचं औषध. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात मी त्या घमेल्यात धुणं भिजवायला निघाले होते. सासूबाईंनी हात धरला म्हणून बरं, नाहीतर नव्या साड्या आणि नवी सून, दोन्हींची वाट लागली असती. संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, "धुण्याच्या घमेल्यात विष कशाला भिजवता?" तर म्हणाले, "कागद सुटतो." एवढंच. दुसऱ्या दिवशी बाजारातून माझ्यासाठी वेगळं घमेलं आलं आणि बाटल्या पहिल्यात भिजतच राहिल्या.

कागद म्हणजे बाटलीवरचं लेबल. ते पाण्यानं सुटलं की हे उरलेला डिंक पात्यानं खरवडायचे, बाटली उन्हात वाळवायचे आणि तिच्यावर ऑइलपेंटनं नंबर टाकायचे. एक, दोन, तीन करत अकरापर्यंत. सुटलेले कागद चुलीत जायचे. मग सगळ्या बाटल्या मोटरीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात रांगेत उभ्या राहायच्या. कुठल्या नंबरात काय आहे, हे जगात एकाच माणसाला ठाऊक असायचं, आणि तो माणूस सांगण्यातला नव्हता.

ह्याला कारण होतं. आमची बाग नगर-जामखेड रस्त्यापासून आत, मुरमाड माळावर. विहिरीला पाणी बेताचं. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत ठिबकच्या नळ्या आल्या आणि ज्यानं त्यानं द्राक्ष लावली. ह्यांच्या चुलतभावाचा बांध आमच्या बांधाला लागून. आमच्या रिकाम्या बाटल्या पूर्वी विहिरीच्या कडेला टाकलेल्या असायच्या. एका हंगामात चुलतभाऊ रोज संध्याकाळी तिथं येऊन कुठलं लेबल पडलंय ते बघून जायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच त्याच्या बागेवर मारायचा. त्या वर्षी त्याचा माल आमच्याआधी बाजारात गेला. वर गावात सांगत सुटला, "द्राक्षात डोस्कं लागतं." झालं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, आमच्या घरात त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं हे म्हणायचे आणि मूठ अशी झाकायचे की पुढं ती त्यांनाही उघडता येईना.

पण त्यांची वही बघितली असती तर तुम्हीही तोंडात बोट घातलं असतं. साधी वही नव्हती ती. नगरच्या बांधणीवाल्याकडून आडवी, जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची मुद्दाम बांधून घेतलेली. पानावर रकाने आखलेले. तारीख, हवा, प्लॉट, औषध, प्रमाण, पंप, मजूर आणि शेवटी शेरा. हवेच्या रकान्यात नुसतं 'ढगाळ' लिहून त्यांचं भागायचं नाही. 'सकाळी दव, दुपारी पूर्वेचा वारा, चारनंतर ढग' असं लिहायचे. संध्याकाळी बागेतून आले की हातपाय धुवायचे, चष्मा लावायचे, देवघरासमोरच्या पाटावर बसून त्या दिवसाची ओळ भरायचे आणि मगच चहा. ताप असला तरी ओळ चुकायची नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्या वहीला हळदकुंकू लागायचं. गावात लोक हसायचे, "हा शेतकरी हाय का किराणा दुकानदार?"

हसणारेच मग गरज पडली की यायचे. एका वर्षी छाटणीनंतर अवेळी ढग आले आणि आसपासच्या बागांवर केवडा हा बुरशीचा रोग पडला. पानं करपून गळाली, घड जिरले. आमची बाग तेवढी वाचली, ती वहीमुळे. ह्यांनी मागच्या वर्षांची पानं चाळून काढलं होतं की दव आणि पूर्वेचा वारा असे लागोपाठ आले की आमच्या खालच्या प्लॉटात केवडा येतोच. त्यांनी आधीच फवारून ठेवलं होतं. हे मी नाकारत नाही. त्या वहीनं आम्हाला जगवलं आहे. त्यानंतर लांबलांबच्या गावांतून लोक वही बघायला येऊ लागले. हेही मोठ्या मनानं उघडून दाखवायचे, कारण औषधाच्या रकान्यात नुसतं '२ + ७' नाहीतर '५' असायचं. पाहुणे पानं उलटायचे, वा वा म्हणायचे, चहा पिऊन जायचे. गेल्यावर हे मिशीत हसायचे. मलाही तेव्हा हसू यायचं.

लिहिताना त्यांची एक सवय होती. परीक्षेत शेजारचा बघेल म्हणून पोरं पेपरावर हात आडवा धरतात ना, तसा ते डावा हात ओळीवर धरायचे. समोर कोणी असो नसो. मी चहा घेऊन गेले तरी हात आडवा. मला त्याचा राग यायचा. मी म्हणायचे, "मी काय तुमच्या चुलतभावाची माणूस आहे का?" तर म्हणायचे, "सवय हाय गं." मी खोदून खोदून एका वर्षीचे तीन-चार नंबर काढून घेतले होते. पण हे दर छाटणीला नंबर बदलायचे, त्यामुळे माझं ज्ञान वर्षभरात शिळं झालं. एकदा मी सरळच म्हणाले, "मला तरी सांगून ठेवा. माणसाचं काय, आज आहे उद्या नाही." ते म्हणाले, "मला काय हुतंय?" स्वतःला काही होणार नाही याची त्यांना खात्री होती, आणि ती खरी ठरली. दुसऱ्या कोणाला काही होईल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

आमच्या बागेवर फवारणीचं काम तात्या करायचे. ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीत त्यांचं घर. बाग लावली तेव्हा खड्डे खणायला आले आणि मग आमच्याकडेच राहिले. ह्यांच्याहून वयानं मोठे, अंगानं किडकिडीत, बोलायला गोड. त्यांची बायकोही आमच्याकडेच बागेत असायची. तिला मी मावशी म्हणायचे. काड्यांवरचे जादा डोळे, म्हणजे कोंब, चोळून काढायचे, घड विरळायचे, ही बोटांची कामं तिच्याइतक्या हलक्या हातानं करणारी बाई मी अजून पाहिली नाही. दुपारी आम्ही दोघी लिंबाखाली भाकरी खायचो. तिच्या डब्यातला ठेचा मी संपवायचे आणि माझ्या डब्यातली वांग्याची भाजी ती. आमच्या सासूबाईंना ते फारसं पटायचं नाही, पण त्या तिथवर चालत येऊ शकत नव्हत्या.

तात्या फवारणी कशी करायचे ते आठवलं की आता अंगावर काटा येतो. तेव्हा सगळेच तसं करायचे. टाकीत पाणी, त्यात औषध, आणि ढवळायला काठी सापडली नाही की सरळ कोपरापर्यंत हात घालायचे. तोंडाला फार तर उपरण्याचा वेढा. हातमोजे लग्नातल्या बँडवाल्यांच्या हातात पाहिलेले तेवढेच. एकदा तात्यांनी माझ्यासमोर विचारलं होतं, "दादा, ह्या सहाला लई उग्र वास येतोय. काय हाय ह्यात?" हे म्हणाले, "तुला काय करायचंय? द्राक्षाला इचार." तात्या हसले. आम्ही सगळेच हसलो.

ते वर्ष नेमकं कुठलं, ते वहीत आहे, मी सांगणार नाही. ऑक्टोबरची छाटणी होऊन काड्यांवर डोळे फुगले होते. या दिवसांत उडद्या नावाचा बारीक भुंगेरा येतो आणि कोवळे डोळे पोखरतो. डोळा गेला की घड गेला, घड गेला की वर्ष गेलं. त्याच वेळी बागायतदारांची एक गाडी सांगलीकडच्या बागा बघायला निघाली होती आणि ह्यांना जायचंच होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी तात्यांना ओट्यावर बोलावून सांगितलं, "उद्या खालच्या प्लॉटला चार आन् नऊ. पहिल्यांदा चार टाक, ढवळ, मग नऊ. परमान टोपनावर खुणा करून ठेवलंय. चुकू नको."

"न्हाई चुकत," तात्या म्हणाले. जाताना पायऱ्या उतरता उतरता ते स्वतःशी घोकत होते, "पहिलं चार, मग नऊ."

हे पहाटे गेले. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. सकाळी मी कपाट उघडलं, तात्यांनी दोन बाटल्या घेतल्या, मला नंबर दाखवले, "चार आन् नऊ, बगा वहिनी," आणि गेले. दहा-अकराच्या सुमाराला मावशीची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. मी घरातून धावत गेले.

तात्या बांधाला टेकून बसले होते. झालं होतं असं की फवारणीच्या बंदुकीचा पाईप मध्येच निसटला आणि औषधाची धार छातीवर उडाली. तात्यांनी पाईप पुन्हा बसवला आणि तशाच ओल्या सदऱ्यानं पुढच्या ओळी मारल्या. ओळ अर्धी सोडायची नाही ही त्यांची शिस्त. आता त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती, अंगाला दरदरून घाम आणि हातापायांना कापरं. मी आणि मावशीनं त्यांचा सदरा काढला, ठिबकची नळी उपटून अंगावर पाणी सोडलं. माझ्या धाकट्या दिरानं जीप आणली. मला काय सुचलं कोण जाणे, मी त्या दोन्ही बाटल्या आणि घरातली वही बरोबर घेतली. मला वाटलं, आपल्याकडे तर सगळं लिहिलेलं आहे.

जीपमध्ये तात्यांचं डोकं मावशीच्या मांडीवर होतं. भिंगार जवळ आलं तेव्हा त्यांना पहिला झटका आला. त्यातून जरा सावध झाल्यावर त्यांनी मला शोधलं आणि जड जिभेनं म्हणाले, "वहिनी, चार आन् नऊच घातलं हां म्या. चुकलो न्हाई. दादांना सांगा." मी म्हणाले, "नाही चुकलात तात्या. बोलू नका." मावशी रस्त्याकडे बघत होती, जणू डोळे काढले तर रस्ता लांबेल.

नगरच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. त्यानं तात्यांचे डोळे उघडून पाहिले, पटापट सुया टोचायला लावल्या, नळी घातली. आणि मान वळवून मला विचारलं, "काय फवारत होते?"

"चार आणि नऊ," मी म्हणाले.

"काय?"

मी बाटल्या टेबलावर ठेवल्या. त्यानं एक उचलली, फिरवून पाहिली, मग दुसरी. "लेबल कुठंय?"

"काढलंय."

"का?"

काय सांगणार होते मी? "चोरी होऊ नये म्हणून," मी म्हणाले.

"कशाची चोरी?" त्यानं विचारलं. त्याला हसू यावं अशी ती जागा नव्हती, आणि मला रडू यावं एवढा वेळ नव्हता.

त्यानं मला थोडक्यात समजावलं. या औषधांचे प्रकार वेगवेगळे. एका प्रकारावर हे इंजेक्शन चालतं, दुसऱ्यावर त्याच्या जोडीला आणखी एक द्यावं लागतं, तिसऱ्यावर ही दोन्ही इंजेक्शनं चालत नाहीत, तिथं उपचार वेगळाच. लक्षणांवरून त्यानं सुरुवात केली होती. पण झटके त्या लक्षणांत बसत नव्हते, आणि दोन औषधं एकत्र असली तर एक दुसऱ्याला झाकतं. "मालक कुठंय? त्यांना फोन करा," तो म्हणाला. मालक गाडीभर बागायतदारांबरोबर कुठल्या गावात, कुणाच्या मांडवाखाली असतील ते देवाला ठाऊक. दिरानं टेलिफोनच्या बूथवरून दोन ठिकाणी लावून पाहिलं. एकीकडे कोणी उचललं नाही, दुसरीकडे म्हणाले, गाडी पुढं गेली.

"कुठं लिहून ठेवलेलं असेलच ना?" डॉक्टरनं विचारलं.

"सगळं लिहिलेलं आहे," मी म्हणाले आणि पिशवीतून वही काढून दिली. त्यानं ती टेबलावर उघडली. दव, वारा, ढग, प्रमाण, पंप. पान उलटलं, आणखी एक उलटलं. अक्षर मोत्यासारखं होतं ह्यांचं. "इतकं व्यवस्थित," तो पुटपुटला. मग त्याचं बोट औषधाच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं. '१ + ६'. '३'. '४ + ९'. त्यानं वही मिटली आणि माझ्या हातात परत दिली. जोरात आपटली असती तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या हंगामातला चार मला ठाऊक होता. तो माझ्या अगदी जिभेवर आला. मी म्हणाले, "गेल्या वर्षी चार म्हणजे..." डॉक्टरनं तिथंच थांबवलं. "तोच आहे याची खात्री आहे?" मी नाही म्हणून मान हलवली. नंबर बदलले होते हे मला माहीत होतं. "मग सांगू नका," तो म्हणाला. पुढं कळलं, गेल्या वर्षीचा चार म्हणजे नुसतं बुरशीवरचं औषध होतं. पण हे नंतरचं.

दीर शेतीच्या औषधांच्या दुकानात जाऊन आला. दुकानदार म्हणाला, तुमचे दादा माझ्याकडून नुसतं गंधक नेतात, बाकीचं दुसरीकडून. पुण्याहून, नाशिकहून, जिथं कोणी ओळखत नाही तिथून. मग दीर गावाकडे पळाला. ह्यांच्या पावत्या एका पत्र्याच्या पेटीत असायच्या आणि पेटीची किल्ली ह्यांच्या करगोट्याला. दिरानं पहारीनं पेटी फोडली. सगळ्या पावत्या तारखेवार लावून, दोऱ्यानं बांधून ठेवलेल्या. एकही कमी नाही. त्या घेऊन तो दिवेलागणीला परत आला. आता डॉक्टरच्या टेबलावर एका बाजूला अकरा औषधांची नावं होती आणि दुसऱ्या बाजूला चार आणि नऊ. मधला दुवा सांगलीकडे बागा बघत फिरत होता.

"ह्यातली कुठली तरी दोन," डॉक्टर म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

त्यानं बाटल्यांचे वास घेतले. आपल्या वरच्या डॉक्टरला बोलावलं, दोघं बोलले. आपल्या परीनं त्यांनी काही सोडलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. मावशी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. तिनं मला एकदाच विचारलं, "वहिनी, औशिदाचं नाव कळलं का?" मी म्हणाले, "दादा आले की कळेल." तिनं मान हलवली. तिला राग आला नाही. नाव कळायला दादांची वाट का बघायची, हा प्रश्नच तिला तोवर पडला नव्हता. आमच्या मळ्यात सगळं दादांना विचारूनच व्हायचं. माझ्या मात्र मनात ह्यांच्याविषयी असं काही येत होतं की ते लिहायला मला आजही धीर होत नाही.

सकाळी ऊन व्हरांड्यात आलं तेव्हा तात्या गेले. डॉक्टर बाहेर आला, मावशीसमोर उभा राहिला. ती उठली आणि आत गेली. रडण्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

बाहेर मी त्याला विचारलं, "कळलं असतं तर?" तो म्हणाला, "वाचलेच असते असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आम्ही चाचपडत होतो, बाई. इतकं चाचपडावं लागायला नको होतं."

हे दुपारी आले. दीर माळीवाड्याच्या स्टँडवर उभाच होता. त्यानं ह्यांना तसंच दवाखान्यात आणलं. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या काड्या होत्या, सांगलीकडून आणलेल्या. त्या कुठं ठेवाव्यात ते त्यांना कळेना. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मला त्यांची कीव आली नाही.

पोलिसांचा हवालदार जबाब लिहायला बसला होता. त्यानं विचारलं, "कुठलं औषध मारत होता मयत?"

आणि ह्यांनी सांगितलं. चार म्हणजे काय, त्याचं पूर्ण नाव, किती टक्क्यांचं. नऊ म्हणजे काय. कुठून घेतलं, कुठल्या तारखेला, पाण्याच्या पिंपाला किती टोपणं, आधी कुठल्या प्लॉटला मारलं होतं आणि त्या दिवशी वारा कुठला होता. कुठं अडखळले नाहीत. हवालदार म्हणाला, "सावकाश, मला लिहायचंय." ह्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, शब्द शब्द सोडवून. हातातली काड्यांची गुंडाळी तशीच होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

मावशी दाराशी उभी होती. तिनं ते सगळं ऐकलं. हवालदाराचं लिहून झाल्यावर ती म्हणाली, "दादा, तुमाला तर समदं तोंडपाठ हाय की."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर ह्यांना काही तरी उत्तर देता आलं असतं. ती खरोखरच नवलानं बोलली होती, एवढं सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं तर ते काल इथं का नव्हतं, असं. ह्यांनी काड्यांची गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. हवालदार मान खाली घालून कागद सारखे करत बसला.

संध्याकाळी वस्तीवर तात्यांना नेलं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं पुढं, हळू आवाजात त्रिशरण म्हणत. ह्यांनी खांदा दिला. लोक म्हणाले, मालक चांगला माणूस आहे, खांदा दिला. चांगलाच होता, मी कुठं नाही म्हणते? त्यानं तात्यांना कधी शिवी दिली नाही, सणाला कापड चुकवलं नाही. फक्त ज्या विषात तात्या कोपरापर्यंत हात घालत होते, त्याचं नाव त्यांना सांगितलं नाही. मावशी त्यानंतर आमच्या बांधावर आली नाही. ओढ्यावर भेटली तर थांबायची, बोलायची, माझ्या पोरांची चौकशी करायची, पण आमच्या बागेकडे बघायची नाही. लिंबाखाली मी एकटी जेवायला बसले ती चार दिवसच. मग डबा घरीच खायला लागले.

आता मला कोणी सांगायला आलं की शेतकऱ्यानं नोंदी ठेवाव्यात, तर मी मान डोलावते. ठेवाव्यातच. फक्त मनात येतं, कुणाला वाचता याव्यात म्हणून?

तात्यांना नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी हातपाय धुतले, चष्मा लावला आणि पाटावर वही उघडली. दोन दिवसांच्या ओळी रिकाम्या होत्या. रिकामी ओळ त्यांना सहन व्हायची नाही. मी चहा घेऊन गेले. ते आदल्या नाही, त्याच्याही आदल्या दिवसाची ओळ भरत होते. तारीख. हवा, दिराला विचारून. खालचा प्लॉट. '४ + ९'. प्रमाण, पंप. मजुराच्या रकान्यात तात्यांच्या नावापुढं लिहिलं होतं 'अर्धा'.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"अहो, हे काय?"

"काय?"

"अर्धा?"

त्यांनी मान वर केली. डोळे सुजलेले होते, रात्रभर झोपले नव्हते. ते चिडले नाहीत, ओशाळलेही नाहीत. मला समजावून सांगावं तसं म्हणाले, "दुपारच्या आत पडला ना तो. खोटं कसं लिहू?"

मी चहा पाटाशेजारी ठेवला. मी म्हणाले, "खोटं नका लिहू. मग त्या चार आणि नऊच्या पुढं त्यांची नावं लिहा. आता तरी लिहा."

ते माझ्याकडे बघत राहिले. आणि बघता बघता त्यांचा डावा हात उचलला गेला आणि त्या ओळीवर आडवा झाला.